पागेतला हात

नत्थूजीची उशी दरसाल सपाट होये. थंडी पडाले लागली का तो ती काखेत मारे, सायकल काढे, अन् महाल भागातल्या जुन्या पागेत शोभाताईकडं नवा कापूस भरून घ्याले जाय. घरात माणूस एक, डोकं एक, उशी एक. तरी दरसाल.

"नत्थूजी, तुमचं डोकं आहे का वरवंटा आहे जी?" शोभाताई म्हणे. "सहा वर्षं झाली, मी भरून राहिली अन् तुम्ही दाबून राहिले."

"झोप जड आहे माही," तो म्हणे.

झोप कशाची जड! बायको गेली तवापासून दोन वाजता डोळा उघडे तो उघडाच राहे. उशी हा बहाणा होता.

आता ही पागा म्हणजे काय, तं एका रांगेत सात कमानी. कोण्या काळी तिथं घोडे बांधत. घोडे गेले, मंग कोणी लाकडं ठेवली, कोणी भंगार ठेवलं, अन् आता पंधरा-वीस वर्षांपासून तिथं शोभाताईचं गादी-रजईचं दुकान. पिंजायची मशीन घरघर चाले अन् कापसाची धूळ हवेत तरंगे. दुपारी झरोक्यातून ऊन आत पडलं का ती सारी धूळ उजळून निघे, अन् माणूस आत आला का त्याले वाटे आपण पाण्याच्या तळाशी उभे आहो. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजून राहिले, पण आत पोचता पोचता तेही मऊ होऊन जात.

सातव्या कमानीत, मागच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर एक हात होता. उजवा हात. ओल्या चुन्यात दाबलेला, लहानसा, अंगठा जरासा बाहेर वाकलेला. त्याच्यावर हळद-कुंकवाचा असा थर चढला होता का बोटं मोजाले जवळ जावं लागे. शोभाताईच्या सासूनं पहिल्यांदा तिथं उदबत्ती लावली अन् नाव पाडलं, हातवाली माय. मंग काय, लग्नाची गादी असली का तिचं टोक आधी मायच्या हाताले लावून आणायचं, अन् मंगच नवरीच्या घरी पाठवायची. बाया पोरांच्या परीक्षेसाठी तिथं सुपारी ठेवत.

नत्थूजी उशी देई, सातव्या कमानीत जाई, दोन मिनिटं हात जोडून उभा राही. शोभाताईले वाटे, म्हातारा भाविक आहे.

भाविक कुठचा! तो हात गोपिकाचा होता. त्याच्या बायकोचा.

एकोणऐंशी सालची गोष्ट. पागा गळाले लागली म्हणून मालक ट्रस्टनं दुरुस्ती काढली होती. चुन्याचं काम उस्ताद गणपतरावच्या टोळीकडं. नत्थू तवा पंचविशीतला, उस्तादच्या हाताखालचा मिस्तरी. बाहेर आवारात चुना मळाची घाणी मांडली होती. गोल खाचा, त्यात दगडाचं चाक, चाकाले बैल, अन् बैलामागं कामठीकडून आलेली एक पोरगी दिवसभर गोल गोल फिरे. तीच गोपिका. चुन्यात गुळाचं पाणी पडे, बेलाचा गर पडे, अन् साऱ्या आवारात मिठाईच्या दुकानासारखा वास सुटे. नत्थू परातीवर अंगठा दाबून चुना पाहे. खरं म्हणजे चुना चांगलाच राहे, पण पाहाले बाहेर जावं तं लागेच ना.

त्या टोळीचा एक रिवाज होता. भिंत खरवडता खरवडता कुठं जुनं काही लागलं, जे हातोड्यानं मरन असं, तं त्याले उडवायचं नाही. त्याच्यावर हलक्या हातानं मऊ चुना चढवायचा, अन् वरतून ओल्यात एक हात उमटवून ठेवायचा. म्हणजे पुढं पन्नास वर्षांनी कोणी मिस्तरी आला, तं हात पाहून त्याले समजन का इथं काही आहे, बाबू, हळू. अन् हात कोणाचा? ज्यानं चुना मळला त्याचा. उस्ताद म्हणे, थापी चालवणाऱ्याचं नाव तसंही होते, मळणाऱ्याचं कुठं होते?

सातव्या कमानीतला चुन्याचा पहिला थर उस्तादनं जेवणाच्या सुट्टीत एकट्यानंच मारला. नत्थूनं विचारलं, "काय आहे उस्ताद तिथं?"

"जे आहे थे आहे. तू आपली थापी चालव गा."

मंग गोपिकाले बोलावलं. तिनं पदर खोचला, भिंतीवर हात दाबला, "बाप्पा, किती थंड!" म्हणली, अन् हात काढल्यावर राहिलेला चुना पुसाले दुसरं काही दिसलं नाही म्हणून नत्थूच्या पाठीवर पुसला. सारी टोळी हसली. त्या सदऱ्यावरचा पंजा धुतला तरी दोन महिने गेला नाही, अन् तिसऱ्या महिन्यात त्याहीचं लग्न झालं.

चाळीस वर्षं संसार झाला. फोटो म्हणाल तं एक रेशनकार्डावरचा, त्याच्यावरही शिक्का असा बसला होता का अर्धं तोंड जांभळं. बाकी गोपिका म्हणून जे काही जगात राहिलं होतं ते सातव्या कमानीत होतं.

मंग ही अपेक्षा आली.

अपेक्षा म्हणजे बिल्डिंगीचं शिकलेली पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर बॅग, कानावर पेन्सिल. शहरातल्या जुन्या इमारती मोजायचं काम तिच्याकडं होतं. पाडापाडी होऊन सारं गायब व्हायच्या आधी कुठं काय आहे, किती जुनं आहे, कोणत्या हालतीत आहे, सारं फॉर्मवर लिहून कमेटीले द्यायचं. कमेटीनं यादीत घेतलं का मंग मालकालेही सहजासहजी पाडता येत नाही. तिले टेपचं दुसरं टोक धराले माणूस पायजे होता, अन् चुन्यातलं समजणारा असला तं बरं. कोणीतरी नत्थूजीचं नाव सांगलं.

चार महिने दोघं फिरले. देवळं, विहिरी, दरवाजे, गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या जुन्या माड्या. नत्थूजी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करे, कान लावे, डोळे मिटे अन् सांगे, "शंभराच्या वर." नाही तं, "ही आताची. नवीन नवरीसारखी लाजून राहिली, बोलतच नाही."

पहिले अपेक्षा हसे. मंग गुपचूप पेन्सिलीनं लिहाले लागली. दोन महिन्यांनी पेनानं.

पागा सर्वात शेवटी आली. अन् तिथंच घोडं अडलं. ट्रस्टले ती पाडून गाड्या ठेवाची जागा कराची होती. त्याहीनं लेखी देल्लं का ही इमारत जुनीबिनी काही नाही, एकोणऐंशी साली बांधलेलं गोडाऊन आहे, हे पाहा तवाचं बिल. बिल खरं होतं. दुरुस्तीचं होतं, पण तसं त्याच्यावर लिहिलं नव्हतं. सोमवारी कमेटी बसणार होती, अन् अपेक्षाच्या हाती एक कागद नव्हता.

"काका, मले माहीत आहे ही जुनी आहे," ती म्हणली. "कमानी पाहूनच समजते. पण ते म्हणतीन, जुन्यासारखी बांधली. पुरावा पायजे. अख्ख्या भिंतीवर एकोणऐंशीचाच चुना दिसते."

"दिसनच," नत्थूजी म्हणला. "मीच मारला ना."

"खालचं जुनं प्लास्टर कुठं राहिलं असन का?"

 नत्थूजीनं टेप गुंडाळला. टेप गुंडाळाले काही इतका वेळ लागत नाही.

अपेक्षानं सातव्या कमानीत फोटो काढला अन् फॉर्मवर लिहिलं. काय लिहिलं म्हणून नत्थूजीनं विचारलं, तं तिनं वाचून दाखवलं, "भिंतीवर हाताचा ठसा. धार्मिक. काळ माहीत नाही."

"हं," तो म्हणला.

आता पाहा त्या माणसाची काय गत झाली. साऱ्या नागपुरात एकट्यालेच माहीत का जुनं काही राहिलं असन तं त्या हाताच्या मागं राहिलं आहे. बाकी भिंत उस्तादनं विटेपर्यंत खरवडली होती, त्यानं सोताच्या डोळ्यानं पाहिलं होतं. म्हणजे हात उघडला तं पागा वाचन, पण हात जाईन. नाही उघडला तं हात सोमवारपर्यंत आहे, अन् मंग एक दिवस पाडाची मशीन येईन अन् पागेसंगं हातही नेईन. हिशेबानं पाहिलं तं विचार कराले जागाच नव्हती. पण आपल्या हातानं छन्नी लावणं म्हणजे... छे. त्याले वाटे, मशीन आली तं मशीनीच्या माथ्यावर. मी तं नाही ना मोडला.

शुक्रवारी अपेक्षा कचेऱ्यांत कागद शोधाले गेली. नत्थूजी पागेत येऊन बसला. काम काही नव्हतं. शोभाताईनं चहा देल्ला अन् म्हणली, "बसा जी तिथं गाठोड्यावर. आज उशी नाही, तं डोकंच भरून देतो."

तो कापसाच्या गाठोड्याले टेकला. मशीन घरघरून राहिली होती. उन्हात धूळ चढे, थांबे, खाली येई. खाली आलेली पुन्हा चढे. पाहता पाहता ती घरघर जड झाली, दगडावर दगड फिरल्यासारखी, अन् गुळाचा वास आला. सातही कमानीत घोडे उभे होते. पांढरे, भुरे, एक काळा, शांतपणे माशा हाकलून राहिले होते शेपटीनं. त्याले काही नवल वाटलं नाही. पागा आहे, घोडे राहतीनच. उस्ताद एका घोड्याच्या पाठीवर थापी घासून पाहून राहिला होता, धार आहे का नाही.

सातव्या कमानीत गोपिका उभी होती. भिंतीकडं तोंड, उजवा हात भिंतीवर टेकलेला.

"काय गा," मान न वळवता ती म्हणली, "काम संपलं काय? झोपून राहिला तं."

"संपलं वं कवाचं."

"तं मले काहून नाही सांगलं? मी उभीच आहो इथं. हात आखडला माहा. पंचेचाळीस वर्षं एकच जागा धरून उभं राहणं सोपं आहे काय?"

"तुलेच तं उस्तादनं ठेवलं."

"उस्तादनं ठेवलं, अन् तू विसरला काढाले." मंग जराशी हसली. "अन् ह्या बाया पाहा. कपाळ सोडून हाताले कुंकू लावतात. खाज सुटते ना गा."

तो जवळ गेला. "दाखव हात," म्हणला. तिनं डावा हात पुढं केला. तळवा चुन्यानं पांढरा, अन् त्याच्यावर एक रेषा नव्हती. गुळगुळीत, घाणीच्या चाकासारखा.

"रेषा कुठं गेल्या?"

"जिथं ठेवल्या तिथं," ती म्हणली. "दोन्ही हातांच्या. येणाऱ्याले ओळख पटावी म्हणून." मंग हात मागं घेऊन, "कोणी आलंच नाही पण."

मशीन थांबली तशी त्याले जाग आली. अंगावर सारा कापूस बसला होता, मिशांवर, पापण्यांवर. अपेक्षा परत आली होती अन् शोभाताईजवळ उभी राहून सांगत होती का कागद काही भेटला नाही.

"अपेक्षा," नत्थूजी म्हणला. आतापर्यंत तो तिले मॅडम म्हणे. "पाणी आण, बाई, एक बादली. अन् माही पिशवी दे. छन्नी आहे त्याच्यात."

सातव्या कमानीत जाऊन त्यानं ओल्या फडक्यानं हळद-कुंकू पुसाले सुरू केलं, तशी शोभाताई मशीन सोडून धावली.

"ओ जी! ओ नत्थूजी! डोकं फिरलं काय? मायले छन्नी लावता?"

"माय नाही थे, शोभाताई."

"माय नाही तं कोण आहे?"

"बायको आहे माही."

 मंग त्यानं सांगलं. घाणी, उस्ताद, रिवाज, पाठीवरचा पंजा, सारं. इतकं बोलणं त्या माणसानं सहा वर्षांत केलं नसन.

"म्हणजे," शोभाताई म्हणली, "मी पंधरा वर्षं तुमच्या बायकोपुढं नारळ फोडून राहिली?"

"हव."

"त्यातली चार वर्षं तरी थे जित्ती असन! इथं संध्याकाळच्या वेळेस येऊन भाजी घेऊन गेली असन बाजारातून!"

"चार नाही, नऊ. तिनं पाहिलंही एकदा येऊन. घरी गेल्यावर इतकी हसली का भाकर करपली. म्हणे, माहे पाय चेपून दे, मी देव आहो."

"अन् तुम्ही मले सांगलं नाही?"

"कशाले सांगू? मेल्यावर तिले कुंकू लावणारं दुसरं कोण होतं?"

शोभाताईनं पदरानं नाक पुसलं अन् म्हणली, "माह्या पोरीची बारावी तुमच्या बायकोनं काढली जी. मी तं हेच धरून चालन."

 "काका, नका," अपेक्षा हळूच म्हणली. "मी दुसरा मिस्तरी आणतो. तुम्ही बाहेर बसा."

"दुसरा हातोडा मारीन. तिनं हळू म्हणून सांगून ठेवलं आहे ना? मंग सांगलेलं समजते त्यानंच कराले पायजे."

त्यानं कडा भिजवल्या. भिजू देल्ल्या. मंग पातळ छन्नी आडवी धरून, हाताच्या चारही अंगानं, केस सोडवावा तसा चुना सोडवाले लागला. शनिवारची अख्खी सकाळ त्यात गेली, कारण शुक्रवारी उजेड पुरला नाही. त्याच्या मनात होतं का हातासकट चुन्याचा अख्खा पत्रा उचलून काढू. शोभाताईनं नवी कोरी रजई उलगडून त्याच्यावर पिंजलेला कापूस रचला अन् दोघी बाया ती भिंतीखाली धरून उभ्या राहिल्या.

"चुना तुमच्या बायकोनं मळला का लोखंड मळलं जी?" शोभाताई म्हणली. "हात दुखून आले."

"चांगला मळे थे," नत्थूजी म्हणला, अन् तेवढ्यात पत्रा सुटला.

त्यानं झेलाले हात लावला, पण बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. हात कापसात पडला. आवाजही झाला नाही. तीन तुकडे झाले, अंगठ्याचा एक, बोटांचा एक, अन् तळव्याचा जो होता तो मधातून भुरभुर होऊन गेला.

 नत्थूजी कापसात पाहून राहिला. मंग अपेक्षानं श्वास ओढला म्हणून त्यानं वर पाहिलं.

भिंतीत हाताएवढी जागा उघडी पडली होती. आत जुना चुना, हस्तिदंतासारखा पिवळट, इतका घोटलेला का त्यात उन्हाची तिरीप चमकली. अन् त्याच्यावर गेरूनं, बोटानं काढल्यासारखी, वाकडी-तिकडी मोडी अक्षरं. दोन ओळी.

 अपेक्षानं फोटो काढला अन् मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या गुरुजीले फोनवर पाठवला. अर्धा तास तिघंही रजईवर बसून होते, मधात ते तीन तुकडे. मंग फोन वाजला.

"खालच्या ओळीत साल आहे," अपेक्षा ऐकता ऐकता सांगाले लागली. "शके सतराशे वीस. म्हणजे काका, सव्वादोनशे वर्षं झाली! अन् वरच्या ओळीत नाव आहे. चांदणी."

"कोणाचं?"

"घोडीचं. इथं बांधत असतीन तिले. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारानं लिहिलं असन, चांदणी घोडी इथं बांधावी."

नत्थूजीनं तिच्याकडं पाहिलं, मंग भिंतीकडं. अन् त्याले हसू फुटलं. पहिले पोटातल्या पोटात, मंग इतकं का मिशांवरचा कापूस उडाला. पंचेचाळीस वर्षं त्यानं रात्री पडल्या पडल्या विचार केला होता का उस्तादनं काय झाकलं. कवा म्हणे सोनं, कवा म्हणे देव, कवा म्हणे राजाचं फर्मान. तं घोडीचं नाव! कोण्या नोकर माणसानं गेरूत बोट बुडवून लिहिलेलं, अन् गणपतराव उस्तादनं जेवण टाकून ते जपलं, अन् गोपिका त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं काका?"

"काही नाही बाई. मले सांगाचं होतं तिले."

सोमवारी फॉर्म गेला. कमेटीत ट्रस्टचा माणूस पुष्कळ बोलला म्हणतात, पण चांदणीपुढं त्याचं बिल काही चाललं नाही. पागा यादीत गेली.

पण त्याच्या आधी, रविवारी, नत्थूजी पुन्हा पागेत आला. उघड्या जागेच्या कडा बसवाच्या होत्या, नाही तं भोवतालचा चुना झडत झडत गेला असता. जुना चुना कुटून नव्यात घातला का नवा घट्ट धरते, हे त्या कामातल्या कोणालेही माहीत असते. त्यानं ते तुकडे पाट्यावर घेतले. अंगठ्याचा तुकडा जरा वेळ मुठीत धरला. अपेक्षाले वाटलं, खिशात टाकीन. त्यानं टाकला नाही. तोही कुटला. मंग गुळाचं पाणी, बेलाचा गर, अन् बसल्या बसल्या तासभर मळत राहिला.

कडा बसवून झाल्या तशी शोभाताई म्हणली, "आता हात उमटवा जी तुमचा. तुम्हीच मळला."

"आता काय झाकलं आहे?" तो म्हणला. "झाकलं असन तं हात. आता तं नाव उघडं आहे. सुटी झाली तिची."

"मंग मी कुंकू कोणाले लावू?"

"घोडीले लावा."

"चला, तेही लावतो," शोभाताई म्हणली. "पोरगी यंदा इंजिनिअरिंगले आहे."

अपेक्षा मांडीवर फॉर्म घेऊन बसली होती. तिनं 'धार्मिक' खोडलं. फॉर्मवर बांधणाऱ्याचा रकाना होता, मालकाचा होता, चुना मळणाऱ्याचा नव्हता. तिनं शेऱ्याच्या जागेत लिहाले सुरुवात केली, एकोणऐंशी सालचा चुना, मिस्तरी गणपतराव अन् नत्थूजी, चुना मळणारी...

"काका, पूर्ण नाव सांगा ना. गोपिका नत्थूजी..."

"नाही नाही," तो म्हणला. हातातली थापी त्यानं बादलीत बुडवली अन् हळूहळू धुतली. "तवा थे माही कुठं होती? नुसतं गोपिका लिह. कामठीची."

अपेक्षानं लिहिलं. पेनानं.

शोभाताईनं मशीन सुरू केली अन् कापसाची धूळ पुन्हा उन्हात चढाले लागली. नत्थूजी गाठोड्याले टेकला, जरासाच, पाठ दुखते म्हणून. दोन मिनिटांत घोराले लागला. शोभाताईनं एक उशी आणून त्याच्या डोक्याखाली सरकवली, अन् संध्याकाळपर्यंत ती चांगलीच सपाट झाली होती.